भारतीय महिला फुटबॉल संघाच्या माजी खेळाडू: आठ फलकांसाठी कोणाला घ्यावं, काय लिहावं?

पेठेतला_पास

मुलींच्या आंतरशालेय फुटबॉल स्पर्धेत मैदानाच्या कडेला भारतीय महिला संघाच्या माजी खेळाडूंवर आठ फलक लावायचे आहेत. आकार दोन बाय तीन फूट. वाचणाऱ्या मुली पाचवी ते दहावीच्या. प्रत्येक फलकावर एक फोटो आणि मराठी मजकूर.

कच्ची यादी अशी: शांती मलिक, कुंतला घोष दस्तीदार, योलांडा डिसोझा, बेंबेम देवी, सस्मिता मलिक, बाला देवी, आशालता देवी, अदिती चौहान.

माहिती काढायला बसलं की ठिकठिकाणी अडतंय. आशियाई महिला फुटबॉल स्पर्धेतलं (आजचा आशियाई चषक) पहिलं उपविजेतेपद कुठे १९७९ चं, कुठे १९८० चं. ‘परदेशात खेळलेली पहिली भारतीय’ हे बिरुद तिघींच्या नावापुढे दिसतं. गोलांचे आकडे एका साइटवर एक, दुसरीवर दुसरेच. शिवाय ‘महाराष्ट्रातलं एक तरी नाव हवंच’ असा समितीचा हेका आहे.

जाणकारांनी यादी तपासावी, आणि कोणतं वाक्य बिनधास्त छापता येईल, कोणतं नाही, तेही सांगावं.

---

नोंदवही

आधी ‘माजी’ या शब्दापासून सुरुवात करा. बाला देवी दुखापतीमुळे बराच काळ बाहेर होती, म्हणून तिला निवृत्त समजून लोक मोकळे झाले. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये काठमांडूच्या सॅफ स्पर्धेत (दक्षिण आशियाई देशांची फुटबॉल स्पर्धा) ती भारताकडून खेळली. त्याच स्पर्धेत आशालता देवीने शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना खेळला. दोघींनाही ‘माजी’ या मथळ्याखाली टाकू नका. अदिती चौहानने जुलै २०२५ मध्ये निवृत्ती जाहीर केली आहे, ती चालेल.

आता १९७९ की १९८०. स्पर्धा कालिकतला (केरळमधलं कोझिकोड) झाली ती जानेवारी १९८० मध्ये. काही याद्यांत ती १९७९ ची आवृत्ती म्हणून येते, घोळ तिथूनच. फलकावर ‘जानेवारी १९८०, कालिकत’ एवढंच लिहा, वाद उरत नाही. अंतिम सामन्यात तैवानकडून ०-२ अशी हार झाली. यजमान म्हणून भारताचे दोन संघ उतरले होते, ‘एस’ आणि ‘एन’. उपविजेता झाला तो ‘एस’. एखादी खेळाडू ‘१९८० च्या संघात होती’ असं वाचलंत, तर कोणत्या संघात, हे पाहिल्याशिवाय तिच्या नावापुढे उपविजेतेपद लावू नका. १९८१ ला हाँगकाँगमध्ये भारत तिसरा आला, १९८३ ला बँकॉकमध्ये पुन्हा उपविजेता. तेव्हा यजमान थायलंड जिंकला.

या तीन वर्षांचं मोल मुलींना कळायला हवं असेल तर एक फलक व्यक्तीला न देता काळाला द्या. त्या वेळी महिलांचं फुटबॉल अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडे नव्हतंच. १९७५ मध्ये भारतीय महिला फुटबॉल महासंघ ही वेगळी संस्था निघाली, पहिली राष्ट्रीय स्पर्धा त्याच वर्षी लखनौला झाली. राष्ट्रीय संघाचे पहिले प्रशिक्षक सुशील भट्टाचार्य, ईस्ट बंगालचेही पहिले प्रशिक्षक तेच. आशियात महिलांची वेगळी संघटना होती, ती १९८६ मध्ये आशियाई महासंघात विलीन झाली. इकडे भारतात मुख्य महासंघाने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कारभार हाती घेतला. मधल्या काळात आशियाई स्पर्धेच्या सलग आवृत्त्यांत भारताचा संघच नाही. १९८३ नंतर थेट १९९५. म्हणजे बँकॉकला उपविजेत्या ठरलेल्या मुलींमागून जी पिढी यायला हवी होती, तिला खेळायला आंतरराष्ट्रीय स्पर्धाच मिळाली नाही. ‘आपल्या मुली मागे का पडल्या’ याचं उत्तर मैदानापेक्षा कार्यालयात जास्त आहे, आणि ते फलकावर आलं पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

शांती मलिक: बंगाल, राष्ट्रीय संघाची कर्णधार, १९८३ चा अर्जुन पुरस्कार. हा पुरस्कार मिळवणारी पहिली महिला फुटबॉलपटू. दुसरी बेंबेम, तीही २०१७ मध्ये. मधली ३४ वर्षं मोठ्या अक्षरात छापा.

---

ऑफसाइड

‘पहिली’ या शब्दाबद्दल. त्याच्यापुढे ‘कशात’ लिहिलं नाही की वाक्य चुकलंच म्हणून समजा. क्रम असा:

२००० साली सुजाता कर आणि अल्पना शील या बंगालच्या दोघी चाचणीसाठी जर्मनीत क्रेल्सहाइमच्या क्लबकडे गेल्या होत्या. चाचणी म्हणजे करारावर खेळणं नव्हे, पण ‘बालाआधी युरोपचं नावही कोणी घेतलं नव्हतं’ असं लिहिलंत तर ते खोटं ठरेल.

२०१४: बेंबेम मालदीवच्या न्यू रेडियंट क्लबकडून खेळली.

२०१५: अदिती चौहान वेस्ट हॅम युनायटेडच्या महिला संघात गोलकीपर. इथे सगळ्यात जास्त घसरायला होतं. तो संघ तेव्हा तिसऱ्या स्तरावरच्या लीगमध्ये होता आणि त्या लीगचं नाव होतं ‘विमेन्स प्रीमियर लीग’. मराठी बातम्यांत त्याचं ‘प्रीमियर लीगमध्ये खेळणारी’ झालं, आणि वाचणाऱ्याला वाटतं सर्वोच्च स्तर. बरोबर वाक्य: ‘इंग्लंडच्या महिला लीगमध्ये खेळलेली पहिली भारतीय फुटबॉलपटू’. स्तराबद्दल विचारलं तर तिसरा.

२०२०: बाला देवीचा स्कॉटलंडच्या रेंजर्सशी अठरा महिन्यांचा करार, जानेवारीत. तिच्यापुढे ‘युरोपात व्यावसायिक करार मिळवलेली पहिली भारतीय महिला’ असं लिहितात. यातला ‘व्यावसायिक’ हा शब्द जागेअभावी कापला जातो आणि मग अदितीचे चाहते भांडायला येतात. तो कापू नका. बालाला माजीमध्ये घेणार नसालच, तर हा मुद्दा काळाच्या फलकावर एका ओळीत जाईल.

गोलांचे आकडे मी फलकावरून सरळ काढून टाकीन. का, ते सांगतो. क्लबचे, राज्याचे आणि देशाचे गोल एकाच बेरजेत घातलेले असतात. १९८० च्या स्पर्धेत पश्चिम ऑस्ट्रेलिया, म्हणजे एका राज्याचा संघ, खेळला होता. तसल्या सामन्यांना आंतरराष्ट्रीय दर्जा द्यायचा की नाही, इथे नोंदी ठेवणारे दोन बाजूंना होतात. मैत्रीपूर्ण सामन्यात सहापेक्षा जास्त बदली खेळाडू उतरवले तर तोही अधिकृत धरत नाहीत. आणि २० जानेवारी २०२२ चा, आशियाई चषकातला, नवी मुंबईतला इराणविरुद्धचा ०-० सामना घ्या. संघात कोविड शिरला, २३ तारखेला तैवानविरुद्ध १३ खेळाडू उभे करता आले नाहीत, भारत स्पर्धेबाहेर गेला आणि नियमानुसार आधीचा सामनाही रद्दबातल धरला गेला. खेळाडू मैदानात नव्वद मिनिटं खेळल्या. काही याद्या तो मोजतात, काही नाही. अशा वेळी एखादीचे सामने १०२ की १०३ यावर भांडण्यात अर्थ नाही.

---

मांडवीकाठ

गोव्याची बाजू. योलांडाला यादीत ठेवाच. कळंगुटची, आघाडीला खेळणारी, सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून ऐंशीच्या सुरुवातीपर्यंत राष्ट्रीय संघात. पुढे ती चित्रकार म्हणून नावारूपाला आली, आणि कलेच्या बातम्यांत तिचं आडनाव वेगळं दिसतं. म्हणून फोटो शोधताना दोन्ही नावांनी शोधा, नाहीतर ‘ही कोणी दुसरीच’ समजून तुम्ही पुढे जाल. इंग्रजी बातम्यांत ‘डिसोझा’ आणि ‘डी सौझा’ अशी दोन रूपं आहेत. फलकावर एकच ठरवा आणि सगळीकडे तेच वापरा.

बाला आणि आशालता गळल्या तर जागा रिकामी झाली, तिथे मेमॉल रॉकी घ्या. गोव्याकडून आणि देशाकडून खेळली, पुढे २०१७ ते २०२१ राष्ट्रीय संघाची मुख्य प्रशिक्षक. तिच्या हाताखाली संघ ऑलिंपिक पात्रतेच्या दुसऱ्या फेरीत पहिल्यांदा पोचला आणि २०१९ ला बिराटनगरमध्ये सॅफ जिंकला. माजी खेळाडू म्हटलं की पुरस्कार आणि निवृत्ती एवढंच येतं. खेळून झाल्यावर फुटबॉलमध्येच काम करता येतं, हे दहावीच्या मुलीला तिच्या फलकावरून कळेल. बहुतेक याद्यांत हेच सुटतं.

समितीच्या हेक्याबद्दल: ओढूनताणून नाव घुसवू नका. महाराष्ट्राशी खरा धागा जोडायचाय तर दोन गोष्टी आहेत. २०२२ चा आशियाई चषक नवी मुंबई, मुंबई आणि पुण्यात झाला, पुण्याचे सामने बालेवाडीला. आणि वरिष्ठ महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या करंडकाला आता राजमाता जिजाबाईंचं नाव आहे. आपल्याकडच्या मुलींना बऱ्याचदा हे ठाऊकच नसतं. तो करंडक सर्वाधिक वेळा नेलाय मणिपूरने.

---

पेठेतला_पास

सगळ्यांचे आभार, यादी बदलतो. बेंबेमच्या फलकाचा कच्चा मजकूर देतोय, कृपया निर्दयपणे कापा:

‘मणिपूरच्या ओइनाम बेंबेम देवी यांचा जन्म १९८० मध्ये झाला. स्ट्रायकर देवी यांनी १९९५ मध्ये भारतीय संघात पदार्पण केले. भारताने जिंकलेल्या पाचही सॅफ स्पर्धांत त्या संघात होत्या. २०१६ ची सॅफ स्पर्धा शिलाँगमध्ये जिंकून त्यांनी निवृत्ती घेतली. त्यांना अर्जुन, पद्मश्री आणि सलग दोनदा सर्वोत्कृष्ट खेळाडू पुरस्कार मिळाला. भारतीय फुटबॉलची दुर्गा म्हणून त्या ओळखल्या जातात.’

दुसरं: १९९८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत चीनकडून ०-१६ असा पराभव झाला होता. तो लिहावा का? मुली हसतील अशी एका शिक्षकांना भीती वाटते.

---

नोंदवही

ओळीने घेतो.

‘स्ट्रायकर’ चूक. बेंबेम मधल्या फळीची खेळाडू. मणिपूरच्या सगळ्या नामवंत खेळाडू आघाडीच्या, असं लोक बालावरून धरून चालतात.

‘देवी यांनी’ चूक. ओइनाम हे घराण्याचं नाव, ते आधी येतं. तिचं स्वतःचं नाव बेंबेम. ‘देवी’ आडनावासारखं वापरलंत तर बाला, कमला, तबाबी, आशालता सगळ्या एकाच घरच्या वाटतील. दुसऱ्या उल्लेखापासून ‘बेंबेम’ लिहा. अकारविल्हे यादी करणार असाल तरी ‘द’ खाली पाच जणी गोळा करू नका.

‘पाचही सॅफ’ चूक. २०१० कॉक्स बाजार, २०१२ कोलंबो, २०१४ इस्लामाबाद या तीन तिच्या. चौथीची आवृत्ती २०१६ ची, जागा सिलिगुडी, अंतिम सामना मात्र जानेवारी २०१७ मध्ये. तोवर ती निवृत्त झाली होती. पाचवी बिराटनगरची.

‘शिलाँगची सॅफ’ ही तर नेहमीची गफलत. शिलाँगला फेब्रुवारी २०१६ मध्ये झाली ती दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धा, म्हणजे अनेक खेळांचा मेळावा. सॅफ ही निव्वळ फुटबॉलची. अंतिम सामन्यात नेपाळवर ४-० असा विजय, सुवर्णपदक, आणि तिथे बेंबेम थांबली. २०१० मध्येही हाच गोंधळ होतो, कारण दोन्ही स्पर्धा एकाच वर्षी आणि दोन्ही बांगलादेशात: क्रीडास्पर्धा वर्षाच्या सुरुवातीला ढाक्याला, सॅफ डिसेंबरात कॉक्स बाजारला. दोन्ही भारताने जिंकल्या. तपासायची सोपी युक्ती: ‘सुवर्णपदक’ लिहिलं असेल तर क्रीडास्पर्धा, ‘विजेतेपद’ किंवा ‘करंडक’ असेल तर सॅफ.

‘सलग दोनदा’ चूक. महासंघाचा सर्वोत्कृष्ट महिला खेळाडूचा पुरस्कार तिला २००१ आणि २०१३ ला मिळाला. दोन्हींमध्ये बारा वर्षं, आणि खरी बातमी तीच आहे. एवढ्या अंतराने तीच खेळाडू पुन्हा सर्वोत्कृष्ट ठरते, तिचा टिकाऊपणा यातून दिसतो. अर्जुन २०१७, पद्मश्री २०२०, वर्षं लिहा.

मजकुरात दोन गोष्टी राहिल्यात. एक, २००९ मध्ये भारताचा संघ फिफाच्या क्रमवारीतून वगळला गेला, कारण दीड वर्षाहून जास्त काळ एकही आंतरराष्ट्रीय सामना खेळवला गेला नव्हता. तेव्हा बेंबेम २९ वर्षांची, ऐन भरातली. दुसरी, इंडियन विमेन्स लीगचा पहिला हंगाम, २०१६-१७, ईस्टर्न स्पोर्टिंग युनियनने जिंकला तेव्हा ती संघात खेळाडूही होती आणि प्रशिक्षकही. देशाकडून निवृत्ती म्हणजे क्लबमधून निवृत्ती नव्हे, हा फरक इथे आपोआप स्पष्ट होतो.

०-१६ लिहा. लपवून काय मिळणार? पण एकटा आकडा टांगू नका. शेजारी दोन वाक्यं हवीत: समोरचा चीन १९९६ च्या ऑलिंपिकचा रौप्यविजेता होता आणि पुढच्याच वर्षी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पोचला. आणि भारताचा सर्वात मोठा विजय १३ डिसेंबर २०१० चा, भूतानवर १८-०. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की मुलींनाच कळेल, मोठ्या फरकाचा निकाल दोन संघांच्या तयारीतलं अंतर दाखवतो. तो १८-० चा सामना सस्मिताच्या फलकावर ठेवा. ओडिशाच्या केंद्रापाड्याची ही खेळाडू त्या सॅफ स्पर्धेत गोलांची बरसात करून गेली. २०१६ ची महासंघाची सर्वोत्कृष्ट खेळाडूही तीच.

कुंतलाबद्दल मोजकंच लिहा: बंगाल, ऐंशीच्या दशकाचा संघ, देशाचं कर्णधारपद. तिच्या फलकावर तपासलेल्या तीन ओळी असल्या तरी चालतील, उरलेली जागा फोटोला द्या. सगळे फलक सारख्या लांबीचे झाले पाहिजेत असं कुठे आहे?

---

ऑफसाइड

एक भर. अदितीच्या फलकावर ‘गोलकीपर’ हे मोठ्या अक्षरात येऊ दे. तुमच्या आठ जणींत दुसरी गोलकीपर नाही, आणि शाळेच्या संघात गोलमध्ये उभी राहणारी मुलगी बहुधा ‘पळता येत नाही म्हणून’ तिथे ढकललेली असते.

आणि शेवटच्या फलकावर जागा उरली तर ५ जुलै २०२५ ही तारीख टाका. चियांग माईला थायलंडवर २-१ विजय, दोन्ही गोल संगीता बासफोरचे, आणि भारत पात्रता फेरी खेळून २०२६ च्या आशियाई चषकात. १९८३ ला ज्या थायलंडने विजेतेपद अडवलं, त्यांच्याच देशात हे झालं. संगीता माजी नाही, म्हणून फलक तिच्या नावाचा करू नका, ओळ मात्र हवी.

---

छपाईवाला

मजकूर झाला, आता छापताना काय बिघडतं ते.

दोन बाय तीन फुटांच्या फलकावर ९० ते ११० शब्द, जास्त नाही. मजकूर किमान ३६ पॉइंट, नाव ९० च्या पुढे. सहा फुटांवरून वाचता यायला हवं. ओळींमधली जागा इंग्रजीपेक्षा थोडी जास्त ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत घुसतात.

दुकानात बऱ्याचदा जुन्या फॉन्टचं सॉफ्टवेअर असतं. युनिकोड मजकूर तिथे पेस्ट केला की ‘ॲ’ आणि ‘ऱ्या’ हमखास फुटतात, ‘हाँगकाँग’चा चंद्रबिंदू गळतो. म्हणून वर्ड फाइल देऊ नका. घरीच मांडणी करा, अक्षरं कर्व्हमध्ये (म्हणजे फॉन्टऐवजी रेषांच्या आकारांत) बदलून पीडीएफ द्या, आणि एक पान ए-फोरवर छापून आधी वाचा. आकडे मराठी की इंग्रजी हेही आधी ठरवा; एका फलकावर १९८३ आणि दुसऱ्यावर इंग्रजी आकड्यांतलं वर्ष असं झालं की सगळं काम उसनं वाटतं.

फोटो दहा बाय बारा इंचांचा असेल तर किमान १५०० बाय १८०० पिक्सेल हवेत. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलात की तो आक्रसतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. वर्तमानपत्राच्या कात्रणाचा फोटो मोठा केला की ठिपके दिसतात, त्याला छोट्याच आकारात ठेवून चौकट द्या.

हक्कांचं पाहा. भारतात छायाचित्रावरचा हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. म्हणजे १९८० मध्ये प्रसिद्ध झालेला फोटो किमान २०४० संपेपर्यंत मोकळा नाही. खाली ‘साभार’ लिहिलं म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. मुक्त परवान्याचे फोटो मिळाले तर उत्तम, परवान्याचं नाव आणि छायाचित्रकाराचं नाव फोटोखालीच छापा. शांती, कुंतला, योलांडा यांच्यासाठी नाहीच मिळाले, तर चित्रकलेच्या शिक्षकांकडून मैदानावरच्या खेळाचं रेखाचित्र काढून घ्या. त्यात ओळखीचा चेहरा नको, एखाद्या गाजलेल्या फोटोची नक्कलही नको.

सनबोर्ड पाच मिलिमीटरचा घ्या, तीनचा उन्हात वाकतो. आणि मैदानात गोलच्या मागे एकही फलक लावू नका. पहिल्याच सामन्यात भोक पडेल.

---

पेठेतला_पास

गोलमागचे दोन कॉर्नरकडे हलवतो. अंतिम क्रम असा धरला आहे: १९७५ ते १९९५ चा काळ, शांती, कुंतला, योलांडा, बेंबेम, सस्मिता, मेमॉल, अदिती. सुजाता आणि अल्पना यांची ओळ अदितीच्या फलकावर, ‘तिच्याआधी’ या उपशीर्षकाखाली. आशियाई चषकाचं २०२६ मेमॉलच्या फलकाच्या तळाशी. चालेल ना?

---

नोंदवही

चालेल. फक्त पहिल्या फलकावर ‘भारत दोनदा उपविजेता’ असं लिहाल तिथे कंसात वर्षं आणि शहरं दोन्ही द्या: १९८० कालिकत, १९८३ बँकॉक. कोणी मोबाईल काढून तपासायला गेलं आणि १९७९ दिसलं, तर शिक्षकांकडे उत्तर तयार असेल.